सुट्या भागांचे वारस

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक आणि ओझर मागे टाकून निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे उतरणाऱ्या माणसाला प्रथम दिसतात ते टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले पिकअप, बाजार समितीच्या आवाराकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत उघडेबोडके झालेले द्राक्षांचे मांडव. परंतु या दर्शनी संपन्नतेच्या पाठीमागे, घरोघरच्या पडव्यांत आणि कांद्याच्या चाळींच्या अडगळीत, निकामी फवारणीपंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि मोडक्या पेट्या यांच्या सोबतीने धुळीने माखलेली एखादी जुनी स्कूटरही उभी असते, आणि तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले असते : "इंजिन जाम आहे, सामान मिळत नाही." हे उत्तर कितपत खरे आहे याचा तपास करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तपासाला निमित्त मिळाले ते येथील एका निवृत्त शिक्षकांच्या बजाज चेतकचे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास घेतलेली ही गाडी त्यांच्या नोकरीच्या काळात शाळा, शेत आणि निफाडची तहसील कचेरी अशा तिन्ही ठिकाणी इमानेइतबारे जात होती; पुढे किक बसेनाशी झाली, गाडी भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. दुसऱ्या एखाद्या गाडीचे चालू इंजिन आणून बसवावे, असा सल्ला अनेकांनी दिला. गुरुजींनी तो मानला नाही. गाडी चालेल तर स्वतःच्या इंजिनावर, असा त्यांचा निर्धार होता, आणि या निर्धारामागे भावनेइतकाच व्यवहारही होता, हे पुढे येईलच.

या गाडीचे कुळ थोडक्यात सांगितले पाहिजे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीतील पियाज्जो या विमाने बांधणाऱ्या कारखान्याने पाँतेदेरा येथे १९४६ साली व्हेस्पा ही स्कूटर निर्माण केली. तिचा आराखडा कोराडिनो द'आस्कानियो या हेलिकॉप्टरच्या रचनेत हयात घालविलेल्या अभियंत्याचा. साखळी नाही, वेगळा सांगाडा नाही, पत्र्याची काया हाच आधार, आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलेले, ही त्याची योजना. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून परदेशी दुचाक्या व तीनचाक्या आणून विकण्यास आरंभ केला; १९५९ साली सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीस बजाज ऑटोचा कारखाना उभा राहून पियाज्जोच्या सहकार्याने स्कूटरी बाहेर पडू लागल्या. १९७१ साली तो करार संपुष्टात आला, आणि पुढच्याच वर्षी महाराणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करून चेतक अवतरली. १९७५ साली साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली व तिची प्रिया गावोगाव पोहोचली. परवान्यांच्या त्या जमान्यात मागणी अफाट आणि उत्पादन मर्यादित असल्यामुळे नोंदणी केल्यावर गाडी हाती पडण्यास दहा-दहा वर्षे लागल्याची उदाहरणे होती. परकीय चलन भरू शकणाऱ्याला गाडी लवकर मिळे, इतरांनी आपल्या क्रमांकाची वाट पाहावी, असा शिरस्ता होता. ज्या वस्तूसाठी मध्यमवर्गाने आयुष्याचा असा मोठा तुकडा प्रतीक्षेत घालविला, ती वस्तू भंगाराच्या काट्यावर टाकताना हात थोडा थबकावा, असे मला वाटते.

चेतकचे उत्पादन २००५-०६ च्या सुमारास थांबले आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. चेतक हे नाव २०१९ साली पुन्हा आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीला, आणि २०२२ पासून ती आकुर्डीच्या त्याच जुन्या भूमीवर तयार होते. पण तिच्यात पिस्टन नाही, कार्ब्युरेटर नाही, आणि म्हणून गुरुजींच्या गाडीला त्या नामसादृश्याचा काडीचा उपयोग नाही.

मिस्त्रींनी इंजिन उतरवून बाकावर घेतले तेव्हा मी तेथे होतो. पिंपळगावातील त्यांच्या दुकानात आता येतात त्या बहुतेक नव्या मोटारसायकली. जुन्या स्कूटरचे काम त्यांनी तरुणपणी उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, पण बोटे ते विसरलेली नव्हती. मागचे चाक निघाले, क्लचचे झाकण निघाले, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून त्यांची एकच चकती झालेली दिसली. मॅग्नेट मात्र पुलरशिवाय निघत नाही. हातोड्याने ठोकून काढू गेल्यास क्रँकचे टोक वाकते, म्हणून मिस्त्रींनी पुलरचे आटे तेलाने भिजवून, पाव-पाव वेढा देत, मध्ये थांबत, ते अखेर सोडविले. त्यामागे अर्धचंद्राच्या आकाराची एक इवलीशी की असते, जिच्यामुळे मॅग्नेट क्रँकवर ठरल्या जागी बसते. ती शाबूत होती. मग नट सुटले, आणि ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे दोन भाग लाकडी ठोकळ्याच्या हलक्या घावांनी विलग झाले.

येथे या इंजिनाचे एक मर्मस्थान सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सारा खटाटोप त्यावर अवलंबून आहे. १४५.४५ घनसेंटिमीटरच्या या टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरचा व्यास ५७ मिलीमीटर आणि पिस्टनची धाव ५७ मिलीमीटर. पेट्रोल व हवेचे मिश्रण आत घेण्यासाठी त्यात वेगळी झडप नाही; क्रँकची वाटोळी बाजूच फिरता फिरता क्रँककेसमधील एका छिद्रावरून सरकते, ते उघडते आणि झाकते. या दोहोंमधील अंतर मिलीमीटरच्या काही शतांशांइतकेच असते, त्यांच्यामध्ये केवळ तेलाचा एक पापुद्रा. तेथे बेअरिंगचा चुरा अथवा लोखंडाचा कण शिरला, तर ॲल्युमिनियमवर चरे उमटतात, मिश्रण उलट बाहेर फेकले जाते, आणि गाडी नुसती थुंकत राहते. त्यात भर अशी की क्रँककेसचे दोन्ही भाग कारखान्यात एकत्र जोडूनच आतून कोरलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसऱ्या गाडीचा उजवा भाग जोडला तर बेअरिंगांच्या जागा एका रेषेत येतीलच असा भरवसा नाही. नवी जोडी बसवावी तर आणखी अडचण : इंजिनाचा क्रमांक मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ याच क्रँककेसवर कोरलेला असतो, आणि तोच क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो. धातूचा हा तुकडा म्हणजे एकाच वेळी यंत्राचा भाग आणि सरकारी दस्तऐवज.

गुरुजींच्या इंजिनात तेथे दोन चरे होते, नखाला लागतील इतके. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरविला, बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "गुरुजी, केस टाकायची नाही. आरगॉन मारून घेऊ." म्हणजे आरगॉन वायूच्या आच्छादनाखाली ॲल्युमिनियमची भर घालून, दोन्ही भाग बोल्टांनी एकत्र आवळून, ती जागा पुन्हा कोरून काढायची. हे काम नाशिकला झाले. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी आणि १९६४ साली मिग विमानांसाठी ओझरला स्थापन झालेल्या हिंदुस्तान एरॉनॉटिक्सच्या कारखान्याने या परिसरात टर्नर, फिटर आणि वेल्डर यांच्या पिढ्या घडविल्या. ओझर पिंपळगावच्या उंबऱ्यावरच आहे. विमान बांधणाऱ्याने कल्पिलेली स्कूटर विमानांच्या कारखान्याच्या सावलीत दुरुस्त व्हावी, हा योग मला फार समाधान देऊन गेला.

आता सामानाविषयी. बंद झालेल्या गाडीचे सगळेच भाग दुर्मीळ होतात, ही समजूत चुकीची आहे. क्लच प्लेटा, केबली, पिस्टन रिंगा, सी. बी. पॉइंट, कंडेन्सर, पॅकिंगचा संच या वरचेवर झिजणाऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक कायम असते, म्हणून कंपनीने हात काढून घेतल्यावरही लहानसहान कारखानदार त्या बनवीत राहतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या आजही मिळतात. शिवाय बजाजच्या टू-स्ट्रोक ऑटोरिक्षाचे इंजिनही १४५.४५ घनसेंटिमीटरचेच होते. त्या लाखो रिक्षांच्या पोटापाण्यावर पिस्टनचा बाजार स्कूटर बंद पडल्यावरही तगून राहिला. खरी टंचाई असते ती कधीच न मोडणाऱ्या भागांची. किकचा शाफ्ट, गिअरची दांडी, तिच्यावर सरकून हवा तो गिअर पकडणारा चार हातांचा क्रॉस, मॅग्नेटवरील पंख्याचे पाते, इंजिनाला वारा घालणारे पत्र्याचे आवरण हे भाग वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चालत, म्हणून दुकानदार त्यांचा साठा करीत नसे, नकली माल काढणाऱ्यालाही त्यांत फायदा दिसत नसे. ज्याने सर्वांत प्रामाणिक चाकरी केली, त्याचाच बदली आज मिळत नाही.

गुरुजींच्या गाडीला हवा होता गिअरचा क्रॉस आणि किकचा शाफ्ट. क्रॉसचे हात गोलावले होते, त्यामुळे गिअर निसटत असे. शोध सुरू झाला तो नाशिकच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून. एके काळी अंबड लिंक रोडवरील भंगार बाजार अशा वस्तूंसाठी प्रसिद्ध होता. महापालिकेने २०१७ साली तो हटविला, आणि तेथील माल व माणसे दाही दिशांना पांगली. मग पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईचा चोरबाजार, आणि दूरवर दिल्लीचे करोल बाग. या सर्व ठिकाणी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. "चेतकचा गिअर क्रॉस आहे का" असे तोंडी विचारणाऱ्याला "नाही" हे उत्तर तत्काळ मिळते. पण जुना क्रॉस हातात घेऊन, कॅलिपरने माप दाखवून, शक्य तर कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकातील क्रमांक सांगून विचारले, तर तोच दुकानदार माळ्यावर चढतो, खोकी खाली उतरवितो आणि दहा मिनिटांनी धुळीने भरलेल्या हाताने काहीतरी पुढे करतो. दुकानदार खोटे बोलत नसतो. त्याच्या वडिलांनी काय भरून ठेवले आहे, हे त्यालाच ठाऊक नसते, इतकेच.

मालेगावला एका गाळ्यात आम्हांला क्रॉस मिळाला तो असाच. गाळ्याचे मालक एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा बाजार चाचा म्हणतो. त्यांनी तेलकट कागदात गुंडाळलेला तो भाग गुरुजींच्या तळहातावर ठेवला, नवा आणि जुना असे दोन्ही क्रॉस शेजारी धरले, आणि नव्याच्या हातांच्या कडा किती तीक्ष्ण आहेत हे नखाने दाखविले. "हे सामान किलोवर जाणार होतं गुरुजी, गेल्या वर्षीच," ते म्हणाले. किलोवर गेलेला सुटा भाग आणि किलोवर गेलेला खिळा यांत भट्टीला भेद कळत नाही. महाराष्ट्रातील शेकडो दुकानांचे माळे अशा रीतीने रिकामे होत आहेत. वडील वारले, मुलाने धंदा बदलला, जागा भाड्याने द्यायची ठरली, आणि चाळीस वर्षांचा साठा एका दुपारी टेम्पोत चढला, हा प्रकार सर्रास घडतो. मला या सगळ्या व्यवहारात याहून दुःखदायक काही दिसले नाही.

जुना माल मिळाला म्हणजे तो चांगलाच, असेही नव्हे. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबराच्या ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूची सील गळू लागली तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून जाम होतो. क्लचच्या बाजूची गळू लागली तर गिअरचे तेल आत जळून पांढरा धूर निघतो. कंपनीच्या मूळ डबीतील सील तीस वर्षे पडून असेल तर तिचे रबर खुटखुटीत झालेले असते, आणि अशा वेळी आजची साधी नवी सीलच अधिक विश्वासाची. तिच्यासाठी स्कूटरचे दुकानही लागत नाही. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी ही तीन मापे सीलच्या अंगावर छापलेली असतात. बेअरिंगचेही तसेच. कडेवर कोरलेला क्रमांक जगभर एकच अर्थ सांगतो. ६२०४ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास २० मिलीमीटर हे कळते. द्राक्षबागांच्या पंपांना आणि मोटारींना बेअरिंगा लागतात, त्यामुळे पिंपळगावच्याच दुकानांत त्या मिळाल्या.

आणि जे कोठेच मिळत नाही, ते लेथवर तयार होते. किकचा शाफ्ट मालेगावात नव्हता, पुण्यात नव्हता. शेवटी तो केला तो पिंपळगावातल्याच एका लेथवाल्याने, ज्याचा नेहमीचा धंदा ट्रॅक्टरच्या पिना आणि ब्लोअरचे बुश बनविण्याचा. जुन्या शाफ्टचा झिजलेला भाग उतरवून तेथे भर घालावी, पुन्हा माप काढावे, आणि मग पृष्ठभाग कठीण करण्यासाठी नाशिकला उष्णोपचाराला पाठवावा, अशी तजवीज त्याने सांगितली आणि तडीस नेली. क्रँकचे काम त्याहून नाजूक. तो अखंड नसून दोन गोल आणि त्यांच्यामध्ये दाबून बसविलेली पिन असा जोडकामाचा असतो. प्रेसवर पिन दाबून काढतात, नवी पिन, नवे सुईबेअरिंग व कनेक्टिंग रॉड घालतात, आणि मग क्रँक दोन आधारांवर फिरवून डायल गेजचा काटा पाहत, तांब्याच्या हातोडीने इकडून एक टोला, तिकडून एक टोला देत तो दोन-तीन शतांश मिलीमीटरच्या आत सरळ करतात. या टोल्यांचे मोजमाप कोणत्याही पुस्तकात नाही. नाशिकच्या ज्या कारागिराने हे केले तो काट्याकडे पाहतच होता, पण हातोडी थांबली ती काटा थांबण्याच्या आधी. सिलिंडरला बोअर मारून पॉइंट पन्नासचा, म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलीमीटर मोठा पिस्टन घातला गेला. अशी दोन-तीन वाढीव मापे मिळतात, त्यापलीकडे सिलिंडरची भिंत पातळ पडते, म्हणून प्रत्येक बोअर हा सिलिंडरच्या आयुष्यातून केलेला खर्च आहे, हे मालकाने लक्षात ठेवावे.

येथे लँब्रेटाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मिलानच्या इनोचेंती कारखान्याची ही स्कूटर आपल्याकडे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने आणली, आणि सत्तरीच्या दशकात तीच लँबी या नावाने धावू लागली. इटलीत उत्पादन थांबल्यावर भारत सरकारने १९७२ साली स्थापन केलेल्या स्कूटर्स इंडिया या कंपनीने इनोचेंतीची यंत्रसामग्री विकत घेऊन ती लखनौला आणली. तेथून विजय सुपर निघाली, १९९७ साली दुचाकी बंद झाली, आणि २०२१ साली ती कंपनीच बंद करण्याचा निर्णय झाला. जगातील एका विख्यात स्कूटरचा सबंध कारखाना आपल्या भूमीवर होता! आज मात्र लँब्रेटाचे भाग नव्याने बनविण्याचे काम मुख्यत्वे युरोपात चालते. मिलानजवळच्या कासा लँब्रेटासारख्या संस्था जुने नमुने मोजून नवे भाग घडवितात, आणि आपल्याकडचा मालक ते तेथून मागवितो. यंत्रे आमच्याकडे आली होती. नकाशांची कदर करण्याची बुद्धी मात्र आम्ही त्यांच्याबरोबर मागविली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आता गुरुजींच्या निर्धारातील व्यवहाराकडे वळतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले, म्हणजे चासी, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेले दुचाकी अथवा चारचाकी वाहन या वर्गात येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखण्याची मुभा. अशा गाडीचा नित्याच्या वापराला किंवा धंद्याला उपयोग करता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९७५ साली नोंदलेल्या गाडीने २०२५ मध्ये पन्नाशी गाठली. म्हणजे चेतक आणि तिच्या भावंडांची मोठी पिढी नेमकी आताच या उंबरठ्यावर येत आहे, आणि नेमकी आताच ती भंगारात जात आहे. मूळ क्रमांकाचे इंजिन टाकून परके बसविणारा मालक आपला दावा आपल्याच हाताने कमजोर करतो. गुरुजींनी नोंदणीपुस्तक जपले होते, क्रमांक क्रँककेसवर शाबूत होता, आणि म्हणूनच आरगॉनचा तो खर्च सार्थ ठरला.

इंजिन जोडल्यावर लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल घातलेले पेट्रोल टाकीत गेले, नवा प्लग लागला, आणि मिस्त्रींच्या किकेला गाडी लागली. पहिले काही शे किलोमीटर ती सावकाश चालवायची, पिस्टन-रिंगांना सिलिंडरशी जुळवून घेऊ द्यायचे, अशी ताकीद देऊन त्यांनी ती गुरुजींच्या स्वाधीन केली.

माझे मागणे दोघांकडे आहे. ज्या कंपन्यांनी या गाड्या बनविल्या, त्यांनी बंद केलेल्या प्रतिमानांच्या सुट्या भागांची पुस्तके आणि मापांचे नकाशे दप्तरात बांधून न ठेवता लोकांसाठी खुले करावेत. त्यांना तो माल पुन्हा विकायचा नाही, पण पिंपळगावच्या लेथवाल्याला तो बनविता येईल. आणि वाचकांना विनंती अशी की, या दिवाळीच्या साफसफाईत पडवीतली स्कूटर किंवा माळ्यावरचे सामानाचे खोके भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी नोंदणीपुस्तक शोधून ठेवावे, क्रँककेसवरचा क्रमांक पुसून वाचावा, खोक्यातील डब्यांवरचे क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यावेत, आणि तो कागद जवळच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवावा.